पंपाचा एचपी सातबारा ठरवतो, मग डिझाइनर काय ठरवतो?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका पंप कारखान्यात नुकत्याच डिझाइनला लागलेल्या तरुणाने सिन्नर भागातल्या बोअरसाठी सौर पंपाचं गणित मांडलं. त्याच्या हिशेबाने चार एचपीचा पंप चपखल बसत होता. सेल्सवाल्यांनी फाइल न उघडताच सांगितलं, ‘चारचा विकला जात नाही. तीनचा कर नाहीतर पाचचा.’ त्या तरुणाचं म्हणणं, योजना आणि बाजारच सगळं ठरवणार असतील तर आमच्या गणिताला किंमत काय? शिवाय त्याला हेही विचारायचंय की यासाठी एमबीए करावं लागेल का.

माझी नोकरी सातपूर-अंबडच्या पट्ट्यातच गेली, आधी ट्रान्सफॉर्मर आणि नंतर पंप. त्यामुळे उत्तर याच दोन वस्तूंकडे झुकलेलं असेल.

सेल्सवाले बरोबर बोलले, फक्त कारण सांगायचं राहिलं. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ ची आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ २०२४ ची. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच. पंप कोणता मिळणार हे जमिनीवर ठरतं: अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, त्यापुढे पाच एकरांपर्यंत ५ एचपी, पाचाच्या वर साडेसात. चार एचपीला या तक्त्यात रकानाच नाही. तो पंप घ्यायचा तर शेतकऱ्याने पूर्ण किंमत पदरची मोजायची. कोण मोजेल?

म्हणजे पंपाचा एचपी बोअरच्या खोलीवर ठरत नाही, सातबाऱ्यावर ठरतो. तुम्हाला हे खटकतंय आणि ते खटकायलाच हवं. तीन एचपीच्या पंपाला ३,००० वॅटचं पॅनेल असतं. ऊन चांगलं आहे आणि पॅनेल, कंट्रोलर, मोटर, पंप यांतली सगळी गळती वजा जाऊन पाण्यापर्यंत साधारण अकराशे वॅट पोचतात असं धरा. निफाडकडे कालव्याच्या जवळची विहीर, एकूण हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, १५ मीटर, तर सेकंदाला साडेसात लिटर पाणी येईल. सिन्नरच्या पूर्वेला बोअर, हेड ९० मीटर, तर सव्वा लिटर. सहापट फरक, आणि दोघांचा सातबारा अडीच एकरांचाच.

तरी मी हा तक्ता करणाऱ्याला मूर्ख म्हणणार नाही. त्याच्या खुर्चीत बसून बघा. लाखो अर्ज येणार. प्रत्येक बोअरमध्ये दोरी सोडून पाण्याची पातळी कोण मोजणार, आणि मोजली तरी मेमधली खरी धरायची की ऑक्टोबरमधली? सातबारा मात्र ऑनलाइन निघतो, त्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, त्यात वाद घालायला जागा नाही. सरकारी धोरणाला जे साधायचं असतं ते बहुतेक वेळा स्वस्तात तपासता येत नाही. मग त्याच्या शेजारचं, सहज तपासता येईल असं काहीतरी मोजलं जातं. डिझाइन या मोजलेल्या आकड्याभोवती गोळा होतं. मूळ हेतू जिथला तिथे राहतो. कुठलाही नियम समोर आला की मी आधी दोन गोष्टी बघतो: यांना हवंय काय, आणि हे मोजतात काय. या दोहोंमध्ये जेवढं अंतर, तेवढी आपली कामाची जागा. कधी चांगल्या अर्थाने, कधी वाईट.

याचं सगळ्यांत ठळक उदाहरण सातपूरलाच बनतं. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. छोटी मोटार म्हणजे काय, तर लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल असेल तर १,२०० सीसी, डिझेल असेल तर १,५०० सीसीच्या आत. हवी होती कमी इंधन पिणारी, सामान्य माणसाला परवडणारी गाडी. मोजली लांबी. आता महिंद्राची बोलेरो घ्या. गावागावातली ही गाडी ४,१०७ मिलिमीटर लांब होती, इंजिन अडीच लिटरचं. म्हणजे मोठ्या गाडीचा कर. २०१६ मध्ये बोलेरो पॉवर प्लस आली: लांबी ३,९९५ मिलिमीटर, इंजिन १,४९३ सीसी. ११२ मिलिमीटर गेले कुठे? मुख्यतः बंपर नव्याने आखून. माणसं बसतात ती जागा आहे तशीच राहिली.

मला हे काम आवडतं, आणि त्याचं कारण चलाखी नाही. नियमासाठी जे बदलायचं ते त्यांनी गाडीच्या टोकावर ठेवलं, पोटात शिरू दिलं नाही. उद्या तो नियम गेला तर बंपर पुन्हा मोठा करता येईल. याच्या उलट उदाहरणही याच कारखान्यातलं. महिंद्राचीच झायलो ही गाडी साडेचार मीटरहून जास्त लांब. तिचा मागचा भाग कापून २०१२ मध्ये क्वान्टो काढली, लांबी ३,९८५. चाकांमधलं अंतर झायलोचंच, मागचा अर्धा मीटर गायब. कर वाचला, पण गाडी कापल्यासारखी दिसायची आणि बाजाराने तिला फारसं उचललं नाही. गिऱ्हाइकाला कराचा फायदा हवा असतो, पण तो मिळवण्यासाठी गाडीचं काय केलं हे त्याला डोळ्यांनी दिसतं. ते त्याला नको असतं.

ही चार मीटरची रेघ जवळपास वीस वर्षं टिकली. जीएसटी आला तरी टिकली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले तेव्हाही छोट्यांना १८ आणि मोठ्यांना ४० टक्के हे याच रेघेवर ठरलं. याउलट डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. महिंद्राच्याच स्कॉर्पिओचं इंजिन २.२ लिटरचं. कंपनीने काही आठवड्यांत १.९९ लिटरचं इंजिन आणलं. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण अधिभार लावून बंदी उठली. आठ महिने. दोन्ही नियम कागदावर सारखेच कडक दिसतात, पण एकावर गाडीचा पूर्ण प्लॅटफॉर्म, म्हणजे मूळ सांगाडा, उभा करता येतो आणि दुसऱ्यासाठी फक्त तात्पुरती सोय करायची असते. अर्थसंकल्पातून आलेल्या, उद्योगाने आपल्या गुंतवणुकीसह पचवलेल्या नियमाचं आयुष्य मोठं असतं, कारण तो काढला तर कोणाचं तरी नुकसान होतं आणि ज्याचं होतं तो दिल्लीत जाऊन बोलतो. तातडीची गरज म्हणून आलेला आदेश तसा नसतो.

ट्रॅक्टरमध्येही हेच. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे उत्सर्जनाचे नियम लागू झाले. ते पाळायचे म्हणजे कॉमन रेल इंधनप्रणाली, सेन्सर, ईसीयू (इंजिनचा संगणक) आणि त्याबरोबर वाढलेली किंमत. तेव्हापासून पन्नासच्या जेमतेम आत बसणाऱ्या मॉडेलांना जास्तच भाव आला. गंमत म्हणजे आपल्या द्राक्षवाल्याला याचं काही सोयरसुतक नाही. नऊ फुटांच्या ओळीत मंडपाखालून फवारणीचा ब्लोअर ओढायला त्याला बुटका, अरुंद, विशी-पंचविशीतला ट्रॅक्टर लागतो. तिथे डिझाइन बागेने ठरवलंय, सरकारने नाही.

वरचे सगळे नियम पायरीसारखे आहेत. रेघेच्या अलीकडे एक भाव, पलीकडे दुसरा. पायरी असली की सगळे तिच्या काठावर येऊन उभे राहतात: ३,९९५ मिलिमीटर, १,४९३ सीसी, ४९ एचपी. दुसरा प्रकार उताराचा, आणि इंजिनिअरला खरी मजा तिथे येते.

वितरण ट्रान्सफॉर्मर घ्या. पूर्वी बऱ्याच खरेदीत सरळ एल-वन चालायचं, म्हणजे सगळ्यांत कमी किमतीची निविदा जिंकणार. अशा निविदेत डिझाइनरचं काम एवढंच: मर्यादेत राहून जेवढं तांबं आणि पत्रा कमी करता येईल तेवढा करायचा. ट्रान्सफॉर्मर पंचवीस वर्षं खांबावर बसून जी वीज खाणार ती खरेदी करणाऱ्या विभागाच्या हिशेबात यायचीच नाही. लॉस कॅपिटलायझेशन लावलं की चित्र पालटतं. तिथे तुलना किमतीची होत नाही. किंमत, अधिक नो-लोड लॉसच्या (लोड नसतानाही वाया जाणाऱ्या विजेच्या) प्रत्येक वॅटला ठरलेले रुपये, अधिक लोड लॉसच्या (लोडमुळे वाया जाणाऱ्या विजेच्या) प्रत्येक वॅटला ठरलेले रुपये, अशी बेरीज लावतात. आता एक वॅट वाचवायला लागणारं तांबं त्या रुपयांपेक्षा स्वस्त असेल तोवर टाकत जायचं, महाग झालं की थांबायचं. काठ नाही, रेघ नाही. कॉलेजात शिकलेलं ऑप्टिमायझेशन शब्दशः वापरता येतं अशा फार थोड्या जागा मला भेटल्या, त्यांतली ही एक.

वितरण ट्रान्सफॉर्मरचं भारतीय मानक आयएस ११८०, त्याच्या २०१४ च्या आवृत्तीने आणखी हुशारी केली. लोखंडातला (म्हणजे गाभ्यातला, कोअरमधला) आणि वाइंडिंगमधला लॉस वेगवेगळा बांधून न देता एकूण लॉस दोन ठिकाणी बांधला, ५० टक्के लोडवर आणि पूर्ण लोडवर. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला लेव्हल २ या कार्यक्षमतेच्या श्रेणीत अनुक्रमे ४७५ आणि १,६५० वॅट. कागद घ्या आणि मांडून बघा. लोखंडातला लॉस लोडवर अवलंबून नसतो, वाइंडिंगमधला लोडच्या वर्गाने वाढतो. म्हणजे अर्ध्या लोडवर वाइंडिंगचा लॉस पूर्ण लोडच्या पावपट. गाभ्यात १५० वॅट जाणार असतील तर अर्ध्या लोडवर वाइंडिंगला ३२५ उरतात, म्हणजे पूर्ण लोडवर १,३००. एकूण १,४५०. मर्यादा १,६५० ची, पण वरचे दोनशे वॅट तुम्हाला वापरताच येत नाहीत, कारण अर्ध्या लोडची अट आधीच आवळते. गाभ्यातला एक वॅट वाढला की वाइंडिंगमधले पूर्ण लोडचे चार वॅट कमी करावे लागतात. मग साहजिकच चांगला पत्रा घ्या, फ्लक्स डेन्सिटी (गाभ्यातल्या चुंबकत्वाची दाटी) उतरवा, कोअरचे सांधे नीट बसवा, इकडे मन वळतं. गावातला ट्रान्सफॉर्मर दिवसाचा बराच काळ अर्ध्याहून कमी लोडवर असतो, आणि नियम करणाऱ्याला नेमकं हेच हवं होतं. इथे हवंय ते आणि मोजलंय ते जवळजवळ एकच आहे. असे नियम दुर्मीळ.

आणि इथे बाजार मध्ये येतो. चांगला पत्रा म्हणजे सीआरजीओ, गाभ्यासाठीचं खास सिलिकॉन पोलाद. तो बनवणारा कारखाना आपल्याच जिल्ह्यात आहे, थिसेनक्रुपच्या नावाने वर्षानुवर्षं चाललेला. २०२४ मध्ये जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफईने मिळून तो घेण्याचा करार केला. तरी देशाची मोठी गरज आयातीवर भागते, आणि आयात पत्र्यालाही बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र लागतं. पत्रा महागला की छोटा कारखानदार कमी ग्रेडचा पत्रा जास्त वजनाने वापरून तोच लॉस गाठायला बघतो. टाकी मोठी होते, तेल वाढतं, तांब्याऐवजी ॲल्युमिनियम घ्यावं का हा प्रश्न पुन्हा निघतो. एका आठवड्याच्या भावाने केलेलं डिझाइन पुढच्या तिमाहीत चुकीचं ठरू शकतं, त्यात गणिताचा दोष नसतो. म्हणून अशा कामात शीटमध्ये पत्रा, तांबं, तेल यांचे भाव वेगळ्या खान्यात ठेवायचे. भाव बदलला की डिझाइन पुन्हा चालवायचं. भाव सूत्रात कोंबून ठेवणारे डिझाइनर मी पाहिलेत. ते सहा महिन्यांनी स्वतःचीच शीट उलगडत बसतात.

आता पंपाकडे, पण विजेवरच्या. राज्यात २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. त्याआधीही बऱ्याच पंपांचं बिल मीटरवर नाही, एचपीवर यायचं. अशा बाजारात ‘आमच्या पंपाची कार्यक्षमता पाच टक्के जास्त’ ही जाहिरात कोणाला ऐकू जात नाही. वाचलेल्या युनिटचे पैसे शेतकऱ्याच्या खिशात येतच नाहीत. त्याला दुखतं वेगळीकडे. फीडरच्या टोकाला ४१५ व्होल्टच्या जागी तीनशे-सव्वातीनशे मिळतात, मोटर जळते, रिवाइंडिंगला दोन-चार दिवस जातात आणि तेवढ्यात टोमॅटो सुकतो. म्हणून या बाजारातली चांगली मोटर म्हणजे कमी व्होल्टेजवर न तापणारी, वाइंडिंगला जाड तार असलेली आणि गावातल्या वाइंडरला सहज उघडता येणारी. बाहेरून आलेला कन्सल्टंट तिला मागास म्हणतो. मी म्हणत नाही. तिने तिच्या अटी बरोबर सोडवल्यात. अटीच तशा आहेत.

पण याच ठिकाणी एक रेघ मी ओलांडत नाही. बिल नेमप्लेटवर असलं की नेमप्लेट लहान आणि आतली मोटर मोठी करायची मागणी येते. प्लेटवर पाच, आत साडेसात. हे डिझाइन नाही, लबाडी आहे, आणि ट्रान्सफॉर्मर जळतो तेव्हा तो एकट्या त्या शेतकऱ्याचा जळत नाही. ताशी २५ किलोमीटर आणि २५० वॅटच्या आतल्या ई-स्कूटरला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही; मग एक वायर काढली की चाळीसने पळेल असा कंट्रोलर द्या, ही मागणीही तसलीच. बोलेरोचा बंपर नियम पाळून आखला होता. इथे नियम पाळल्याचं नाटक आहे. ड्रॉइंगवर सही तुमची असते, सेल्सची नाही.

धोरण किती टिकेल हा मुद्दा आपल्या जिल्ह्यात सगळ्यांत जास्त कांद्यात टोचतो. कांदा चाळीला बरीच वर्षं टनाला ३,५०० रुपये अनुदान होतं, २५ टनांपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ८७,५०० रुपये. लासलगाव-येवल्याकडे हिंडा, २५ टनांची चाळ इतकी का दिसते ते लगेच कळेल. पायरीचा काठ इथेही आहेच. पण त्याहून मोठा परिणाम न दिसणाऱ्या गोष्टीवर झालाय. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये भरायचा आणि पावसाळ्यानंतर काढायचा, त्यात सड आणि वजनघट मोठी. पंखे लावून हवा खेळवणारी, तापमान-आर्द्रता सांभाळणारी साठवण तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड आहे तिचे पैसे वसूल होणं. ते दिवाळीच्या आसपासच्या भावावर अवलंबून, आणि तो भाव निर्यातीवर. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आलं, डिसेंबरात थेट बंदी, मे २०२४ मध्ये ती उठली पण किमान निर्यात मूल्य आणि शुल्क राहिलं, सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्के झालं आणि एप्रिल २०२५ मध्ये गेलं. दीड-दोन वर्षांत इतक्या वेळा. सात-आठ वर्षांत फिटणारी यंत्रणा अशा हवेत कोण उभारेल? म्हणून चाळ अजून लोखंडी अँगल, जाळी, बांबू आणि पत्र्याची आहे. ती स्वस्त आहे आणि एक हंगाम वाया गेला तरी मालक बुडत नाही. फॅब्रिकेटरला तंत्र माहीत नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी निर्यातीच्या अधिसूचना वाचाव्यात.

लासलगावचं विकिरण केंद्रही लक्षात घ्या. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ च्या सुमारास ते उभं केलं, मुख्यतः कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. कांद्याला मात्रा लागते शंभर ग्रेच्या (ग्रे हे विकिरणाच्या मात्रेचं एकक) आसपास किंवा त्याहूनही कमी. २००७ मध्ये अमेरिकेने विकिरण केलेला भारतीय आंबा घ्यायला सुरुवात केली, आणि त्यासाठी किमान मात्रा ४०० ग्रे. त्याच कोबाल्टच्या स्रोतासमोर फळ कितीतरी जास्त वेळ ठेवावं लागणार, म्हणजे तासाला बाहेर पडणारा माल तेवढाच कमी. तरी आंब्याला परवडतं, कारण किलोमागे मिळणारे पैसे कांद्याच्या कितीतरी पट. कांद्यासाठी बांधलेल्या केंद्रातून आंबा अमेरिकेला गेला तो असा.

आता तुमचा चार एचपीचा पंप. तो कपाटात ठेवा, पण त्यामागचं गणित ठेवू नका. एचपी तुमच्या हातात नाही. स्टेज (एकावर एक बसवलेले पंपाचे टप्पे), इम्पेलरचा, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाचा, व्यास आणि कंट्रोलरची सेटिंग आहेत. तीन एचपीचा एकच पंप १५ मीटरला आणि ९० मीटरलाही द्यायचा ठरवला तर तो दोन्हीकडे आपल्या चांगल्या बिंदूपासून लांब चालेल. कमी हेडवर तर प्रवाह वाढून इम्पेलर वर उचलले जातात आणि उभा दाब पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगची वाट लागते. प्रत्येक मॉडेलला वेगळा चाचणी-अहवाल लागतो आणि त्याचे पैसे पडतात, म्हणून व्यवस्थापन मॉडेलं कमी ठेवायला बघणार. तिथे तुम्ही आकडे घेऊन बसा. सेल्सकडून तालुकावार बोअर-विहिरींच्या खोलीची यादी मागा आणि तीन एचपीत किती हेडचे प्रकार ठेवले तर बहुतेक गिऱ्हाईक चांगल्या टापूत बसतं ते काढा. बहुधा तीन-चार पुरतील. तक्त्यातला एक बारकावाही बघा: ३ एचपीला ३,००० वॅटचं पॅनेल, ५ ला ४,८००, साडेसातला ६,७५०. एचपीमागे पॅनेल १,००० वरून ९०० वर येतं. म्हणजे ढगाळ हवेत सगळ्यांत आधी साडेसातवाला दम टाकणार, आणि चांगला इम्पेलर घडवायचे कष्ट घ्यायचेच असतील तर तिथून सुरुवात करा.

एमबीएचं म्हणाल तर माझ्या मते नको. निविदेचं तांत्रिक जोडपत्र आणि त्यावरची शुद्धिपत्रकं स्वतः वाचायची सवय लावा. ती सेल्सच्या तोंडून ऐकू नका, मधे दोन अटी गळतात. शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, मराठीत, आणि पहिल्या दोन पानांतली प्रस्तावना हेतू सांगते. परिशिष्टात काय मोजणार ते असतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला तासभर पुरतो. आणि अकाउंट्समधल्या माणसाशी ओळख ठेवा. जीएसटीचा दर बदलला की ते आपल्या डिझाइनच्या कुठल्या भागाला लागतं, हे त्याला तुमच्याआधी कळतं.